कासवांची घरटी राखून गावाचा रोजगार कसा उभारावा

कोकणच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालण्यासाठी रात्री पुळणीवर येतात. पूर्वी ही अंडी उकरून खाल्ली जात आणि विकलीही जात. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने मंडणगड तालुक्यातील वेळास येथे घरटी राखण्याचे काम सुरू केले. 2006 पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला, पाहुणे गावातल्याच घरांत उतरू लागले आणि घरटे राखण्यात चार पैसेही मिळतात हे गावाने पाहिले. आपल्या गावात असे काम उभारू इच्छिणाऱ्यांनी सर्वांत आधी एक गोष्ट ठरवावी: पर्यटनातून येणाऱ्या पैशाचा पहिला वाटा रात्री किनारा तुडवणाऱ्या माणसाला मिळाला पाहिजे. ही घडी सुरुवातीलाच बसली नाही, तर लाभ खोल्या असणाऱ्यांकडे जातो आणि घरटी पुन्हा उकरली जाण्याची भीती उरतेच.

सागरी कासवांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यामुळे हेतू कितीही चांगला असला तरी वन विभागाच्या परवानगीशिवाय अंड्यांना किंवा पिल्लांना हात लावता येत नाही. हंगामापूर्वीच ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन वन विभागाशी किंवा त्याच्याच कांदळवन कक्षाशी (खारफुटी व किनारी जीवांचे काम पाहणारा विभाग) संपर्क साधावा आणि कासवमित्रांची, म्हणजे घरटी शोधून राखणाऱ्या गावकऱ्यांची, नेमणूक व त्यांचे मानधन यांविषयी स्पष्ट बोलणी करावीत. कासवमित्र निवडताना, पूर्वी अंडी काढणारा कोणी गावात असेल तर त्याला टाळू नये, उलट त्यालाच आधी विचारावे. वाळूवरील खुणांवरून घरटे नेमके कोठे आहे हे त्याच्याइतके कोणालाच कळत नाही. पहाटे किनाऱ्यावर उतरणाऱ्या रापणकरांनाही (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांनाही) या कामात सामील करून घ्यावे.

गस्त रात्री आणि पुन्हा पहाटे घालावी, कारण उजाडल्यावर कावळे व कुत्री घरट्यापर्यंत पोहोचतात. मादी समुद्रातून वर आल्याचा आणि परत गेल्याचा असे दोन माग वाळूवर दिसतात; ते जेथे मिळतात तेथील भुसभुशीत वाळू हातानेच चाचपावी, टोकदार काठी खुपसू नये. मादी अंडी घालत असताना दिसल्यास विजेरी बंद ठेवून मागे दूर थांबावे. घरटे सुरक्षित जागी असेल तर ते तेथेच ठेवून भोवती जाळी लावणे सर्वांत चांगले. उधाणाचे पाणी पोहोचण्याचा किंवा कुत्र्यांचा धोका असेल, तरच अंडी हलवावीत.

हलवण्याच्या कामात घाई आणि हलगर्जी दोन्ही घातक ठरतात. एका घरट्यात साधारण 100 ते 120 अंडी असतात आणि खड्डा सुमारे दीड फूट खोल असतो. अंडी काढण्यापूर्वी खड्ड्याची खोली व रुंदी मोजून लिहून ठेवावी. अंडी घातल्यानंतर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो आणि त्यानंतर अंडे फिरले तर तो मरू शकतो. म्हणून स्थलांतर शक्य तितक्या लवकर, त्याच घरट्यातील ओलसर वाळू टोपलीत घालून, अंड्यांची वरची बाजू वरच ठेवून करावे. हलवलेली अंडी पुरण्यासाठीचे जाळीने वेढलेले संवर्धन केंद्र त्याच किनाऱ्यावर, उधाणाच्या रेषेच्या वर आणि सुरूच्या बनापासून दूर असावे. मुळे खड्ड्यात शिरतात आणि दाट सावलीने वाळू थंड राहते. वाळूचे तापमान 29 ते 30 अंशांच्या वर गेले की माद्या अधिक निपजतात आणि खाली राहिले की नर, त्यामुळे मनाने सावली करणे किंवा पाणी शिंपडणे टाळावे. नवा खड्डा मूळ खड्ड्याच्याच मापाचा, तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद खणावा आणि त्यावर तारखेची पाटी लावावी.

पिल्ले सुमारे 45 ते 60 दिवसांनी वर येतात. महोत्सवाच्या तारखा या पाटीवरून ठरवाव्यात, पाहुण्यांच्या सुट्ट्यांवरून नव्हे. पिल्ले दिसतीलच असे वचन कोणालाही देऊ नये. शनिवार-रविवारच्या गर्दीसाठी पिल्ले डांबून ठेवणे हा तर सरळ अपराध समजावा, कारण पोहण्यासाठी लागणारी त्यांची ताकद त्यात वाया जाते. पिल्ले पहाटे किंवा सायंकाळी, पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडावीत आणि त्यांना स्वतः चालत जाऊ द्यावे. पाहुण्यांना दोरीमागे उभे करावे. स्पर्श, फ्लॅश आणि वाळूवर गाड्या यांना पूर्ण मनाई असावी. किनाऱ्याकडील दिवे त्या वेळी मालवावेत, कारण पिल्ले उजेडाकडे वळतात.

राहण्याचे व जेवणाचे दर ग्रामसभेत एकच ठरवावेत आणि पाहुणे घरोघरी पाळीने द्यावेत. ज्या घरात जादा खोली नाही, त्या घराला स्वयंपाक, वाहतूक, खाडीतील होडी किंवा कोकम-आगळाची विक्री असे काम द्यावे. प्रत्येक पाहुण्यामागे ठरलेली रक्कम गस्तीच्या निधीत जमा करावी आणि तिचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

मच्छीमारांना वगळून हे काम टिकणार नाही. जाळ्यात कासव अडकल्यास जाळे कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य शासनाच्या 2018 च्या योजनेनुसार जास्तीत जास्त 25,000 रुपये भरपाई मिळते. त्यासाठी सुटका करतानाचे छायाचित्र किंवा चित्रफीत लागते. अर्ज भरून देण्याची जबाबदारी गावातील एखाद्या शिकलेल्या तरुणावर सोपवावी.

पिल्ले बाहेर पडून गेल्यावर काही दिवसांनी वन कर्मचाऱ्यांच्या उपस्थितीत घरटे उकरावे, रिकामी कवचे व न उबलेली अंडी वेगवेगळी मोजावीत आणि ती नोंद हंगामाअखेर वन विभागाला द्यावी. पुढील वर्षी कासवमित्र किती लागतील आणि केंद्राची जागा बदलावी का, हे त्याच आकड्यांवरून ठरवता येते.