ट्रायकोकार्ड लावायचं ते अळी दिसायच्या आधी

ट्रायकोकार्ड म्हणजे ट्रायकोग्रामा या कीटकाची पिल्लं आत वाढत असलेली अंडी चिकटवलेलं कागदी कार्ड. ही ट्रायकोग्रामा गांधीलमाशीच्याच गोतावळ्यातली, पण जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. डंखबिंख काही नाही. ती बोंडअळीच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते. आतली पिल्लं तेच खाऊन वाढतात आणि पांढुरकं अंडं काळं पडतं. अळी बाहेर पडली की मात्र हिचा उपयोग शून्य, आणि बहुतेक जण नेमकं तेव्हाच कार्ड शोधत फिरतात. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारा सापळा) बोंडअळीचे पतंग अडकू लागले की कार्ड आणा. पट्ट्या कापून संध्याकाळी कपाशीच्या पानांच्या खालच्या बाजूला स्टेपल करा, शेतभर विखरून. झाडावर मुंग्यांची रांग असेल तर दुसरं झाड निवडा. मुंग्या कार्डावरची अंडी फस्त करतात. आगेमागे आठवडाभर रासायनिक फवारणी नको.