हरीण डोक्यावरच ठेवा

धाकटे दीर बारा वर्षं पश्चिम आफ्रिकेतल्या घानात, कुमासी शहरातल्या एका कारखान्यात होते. परतताना दोन ट्रंका भरून कापडं, लाकडी कोरीव वस्तू आणि पितळी वजनं आणली. "वहिनी, तुम्ही चित्रकलेच्या बाई. बघा याचं काय होतं ते." त्यातून नाशिकच्या गंगापूर रोडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तीन दिवसांचं प्रदर्शन झालं. तुमच्याही कुणा नातेवाइकाकडे अशा ट्रंका असतील, तर आम्ही खाल्लेल्या ठेचा तुम्ही खाऊ नका.

आधी लाकूड तपासा. वस्तू रात्रभर पांढऱ्या कागदावर ठेवा. सकाळी खाली पीठ सांडलेलं दिसलं, तर आत कीड आहे असं समजा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. (आम्ही ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याला गळ घातली.) बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर लाकडावर पाणी धरतं. रंग पोपडलेल्या किंवा चिरलेल्या वस्तूला हा उपाय करू नका.

केंटे, म्हणजे पट्ट्या जोडून केलेलं घानातलं विणलेलं कापड, भिंतीला लावू नका. वरच्या कडेला मागून सुती नेफा शिवा, त्यात काठी ओवा आणि हॉलच्या मधोमध टांगा. खिळा, स्टेपलर अजिबात नको. घानातल्या अशांती लोकांचे विणकर जेमतेम चार इंच रुंदीच्या पट्ट्या विणतात आणि त्या कडेला कड लावून शिवतात. येवल्याची पैठणी घेणारी बाई पदर उलटा करून बघितल्याशिवाय राहत नाही; तिला इथेही मागे जाता आलं पाहिजे.

सोनं तोलायची पितळी वजनं बोटाच्या पेरापेक्षा फार मोठी नसतात. नुसती मांडली तर लोक 'छान खेळणी' म्हणून पुढे जातात. घानातल्या अकान लोकांत पूर्वी सोन्याची पूड हेच चलन होतं, ती तोलायला हे पितळी मासे आणि पक्षी. मी शेजारी जुना तराजू ठेवला आणि पारड्यात चमचाभर हळद. सराफ बाजारात आयुष्य गेलेले आमचे शेजारी तिथे अर्धा तास गुंजांचा हिशेब सांगत बसले.

सगळ्यात मोठी चूक चिवाराची. माली देशातल्या बामना लोकांचं हे हरणाचं कोरीव रूप. दिरांनी अक्राच्या बाजारातून घेतलेली नवीन नक्कल, आणि चिठ्ठीवर तसं स्पष्ट लिहा. मी ते डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला टांगलं. मी मूळची नाशिक जिल्ह्यातल्या पेठची, मुखवटे बांधून सोंगं नाचवायचा बोहाडा लहानपणापासून पाहिलेला. सोंग घेतलेला माणूस नाचला नाही तर मुखवट्यात काय उरतं, हे मला तरी कळायला हवं होतं! चिवारा तोंडावर चढवत नाहीत, टोपलीसारख्या टोपीवर बसवून डोक्यावर बांधतात. अंगभर तंतूंचा वेश, हातात दोन काठ्या, कमरेत वाकलेला नर्तक. शेतीची कला माणसाला शिकवणाऱ्या, दंतकथेतल्या चिवाराचा हा नाच, नर-मादीच्या जोडीनं. दुसऱ्या दिवशी बांबूची टोपली उंच स्टँडवर पालथी घालून हरीण तिच्यावर बसवलं, खाली वाळलेलं गवत सोडलं. मग मुलं आपोआप वाकून चालायला लागली.

चिठ्ठीवर 'आफ्रिकन कला' एवढंच लिहू नका. लोक आणि देश लिहा. बेनिनच्या पितळी फलकांचे फोटो लावणार असाल, तर ते बेनिन राज्य आजच्या नायजेरियात होतं, शेजारच्या बेनिन देशात नाही, आणि 1897 साली ब्रिटिशांनी ते लुटलं, हेही लिहा.

आजच्या कलेसाठी शिल्पकार एल अनात्सुई घ्या. जन्म घानातला, काम बहुतेक नायजेरियात. दारूच्या बाटल्यांची झाकणं चेपून, तांब्याच्या तारेनं जोडून ते भिंतभर लोंबणारे पडदे करतात. 2015 साली व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. मुलांकडून छोटा पडदा करून घ्या. आमच्या द्राक्षांच्या गावात बुचं ढीगभर, पण बूच चालत नाही, अॅल्युमिनियमचं फिरकीचं झाकण लागतं. चेपायचं आणि भोकं पाडायचं काम मोठ्यांनी करावं, कडा कापतात. आणि झाकणं आधी साबणाच्या पाण्यात उकळा. आम्ही उकळली नव्हती. दोन दिवस हॉलला जो वास होता, त्याचा खुलासा सोसायटीचे सेक्रेटरी माझ्याकडे अजून मागताहेत.