उपाशी जनावर हिरव्यात सोडू नका

उन्हाळाभर कडब्यावर काढलेलं जनावर पावसानंतरचा हिरवा बांध दिसला की दावं तोडायला बघतं. आपणही म्हणतो, खाऊ दे बिचाऱ्याला. जनावरं दगावतात ती याच चार-आठ दिवसांत, आणि खापर फुटतं चाऱ्यावर. शेजारच्याची गाय मात्र तोच पाला खाऊन निवांत रवंथ करत असते. फरक पोटातल्या जंतूंचा.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, चारा आधी जंतू खातात, मग जनावराला त्याचं पोषण मिळतं. काही विषारी द्रव्यं मोडणारे जंतूही त्यांच्यातच असतात. तो चारा पोटात येत राहिला तर ते वाढतात, बंद झाला की आठवड्यांत रोडावतात. म्हणजे गेल्या पावसाळ्यात पचलेला पाला या पावसाळ्यात पहिल्या दिवशी पचेलच असं नाही. त्यांना वाढायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तेवढा धीर कुणी धरत नाही.

सुबाभळीचंच बघा. तिच्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असतं. सवय नसलेल्या शेळीला नुसत्या सुबाभळीवर ठेवलं, की काही दिवसांनी पाठीवरून हात फिरवताना केसांचा झुपका मुठीत येतो, लाळ गळते, पुढे गळ्याची गाठ सुजते. ऑस्ट्रेलियात गुरांना हा त्रास होई, हवाईतल्या शेळ्या मात्र तीच सुबाभूळ खाऊन ठणठणीत. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने 1980च्या दशकात हवाईच्या शेळ्यांच्या पोटातले जंतू ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडले आणि त्रास थांबला. त्यातल्या एका जंतूला 1992 साली त्यांच्याच नावावरून ‘सिनर्जिस्टिस जोन्सी’ म्हणू लागले.

तेव्हा पहिले तीन दिवस मूठ-दोन मूठ पाला द्या, मग हळूहळू वाढवा. सवय झाल्यावरही एकूण चाऱ्यात सुबाभूळ 30 टक्क्यांच्या वर नको. नवी शेळी आणली तर सवयीच्या शेळीशेजारी बांधा, एकाच गव्हाणीत खाऊ द्या. जंतू एकीकडून दुसरीकडे लवकर जातात असा माझा अनुभव आहे. कागदी पुरावा मागू नका. घोड्याला मात्र सुबाभूळ नकोच.

दुकानात ‘पोट सुधारणारी’ महागडी भुकटी पुढे करतात. त्यात बहुतेक यीस्ट आणि लॅक्टोबॅसिलस असतात. पचनाला थोडाफार हातभार लागत असेल, पण मिमोसिन मोडणारे जंतू त्यात सहसा नसतात. तेच पैसे चुनखडी आणि खनिज मिश्रणाला घाला. नेपियरसारख्या ऑक्झलेटवाल्या गवतावर त्याचा खरा उपयोग होतो, कारण ऑक्झलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सवयीचा हा नियम कोवळ्या ज्वारीला लावू नका. तिथे हेच जंतू उलटतात. ज्वारीच्या पोंग्यातल्या धुरिन या द्रव्यामधून ते सायनाइड झपाट्याने मोकळं करतात, म्हणून रवंथ करणाऱ्या जनावरालाच किराळ, म्हणजे सायनाइडची विषबाधा, जास्त लागते. पावसाने ताण दिलेली ज्वारी, कापणीनंतर खोडव्याला आलेले फुटवे, गुडघाभर पीक, यांत जनावर सोडूच नका. फुलोऱ्यानंतर कापा, वाळवून किंवा मुरघास करून घाला. किराळ लागलेली गाय बांधावरच पडते, दाताखाली हिरवं पान तसंच असतं आणि हिरड्या लालभडक दिसतात.

हिरड्या तपकिरी आणि रक्त चॉकलेटी दिसलं तर ती चाऱ्यातल्या नायट्रेटची बाधा. युरिया नुकताच टाकलेला चारा, किंवा ताणानंतर पाऊस पडून आठवडाही न झालेला, यांत ते जास्त असतं. नायट्रेट बुडख्यात साचतं, म्हणून वीतभर बुडखा सोडून कापा. आणि लक्षात ठेवा, वाळवल्याने सायनाइड कमी होतं, नायट्रेट होत नाही.

किराळीत डॉक्टर गायीला शिरेतून 3 ग्रॅम सोडियम नायट्राइट आणि 15 ग्रॅम सोडियम थायोसल्फेट 200 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये देतात. नायट्रेटच्या बाधेत हेच नायट्राइट जीव घेईल. तिथे मिथिलीन ब्लू लागतं. म्हणून हिरड्यांचा रंग फोनवरच सांगा आणि स्वतः सुई टोचू नका.

या पंधरवड्याची बाकीची कामं:
- घटसर्प, फऱ्या, शेळ्यांना आंत्रविषार लस
- जंतनाशक
- गोचीड नियंत्रण
- गोठ्यात चुना, चर मोकळे

चरायला सोडण्याआधी रोज पोटभर कडबा. तोंडावाटे अँटिबायोटिक दिलं असेल तर पोटातले जंतूही मेले असं धरा: त्या जनावराचा दोन-तीन आठवड्यांचा हिशेब पुन्हा पहिल्या मुठीपासून.