कामीय क्लोदेलचे ‘शकुंतला’ शिल्प कसे पाहावे

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला. त्यानंतर आठच वर्षांनी, १८८८ मध्ये, चोविशीही न गाठलेल्या कामीय क्लोदेल या फ्रेंच तरुणीने पॅरिसच्या वार्षिक कलाप्रदर्शनात ‘शकुंतला’ याच नावाचे प्लास्टरचे शिल्प मांडले. त्याची तेथे सन्माननीय उल्लेखाने दखल घेतली गेली. ही कथा लहानपणापासून कानांवर असल्यामुळे मराठी रसिकाला या शिल्पापाशी जाण्याची वाट सोपी आहे, तरीही पाहण्याची काही पूर्वतयारी अवश्य करावी.

पहिली तयारी वाचनाची. किर्लोस्करांच्या त्या पहिल्या प्रयोगात चारच अंक सादर झाले होते. क्लोदेलने निवडलेला क्षण मात्र कालिदासाच्या मूळ नाटकाच्या सातव्या अंकातला आहे. मारीच ऋषींच्या आश्रमात दुष्यंताला शकुंतला पुन्हा दिसते, तेव्हा तिची वस्त्रे मळलेली आहेत, केसांची एकच वेणी आहे आणि व्रतांनी चेहरा सुकला आहे. राजा तिच्या पायांवर पडतो. एवढा प्रसंग मूळ संस्कृतात किंवा मराठी अनुवादात शांतपणे वाचावा आणि मगच छायाचित्रांकडे वळावे.

छायाचित्रे निदान चार बाजूंनी घेतलेली मिळवावीत, कारण एकाच बाजूचे चित्र पाहून शिल्प पाहिले असे म्हणता येत नाही. चेहऱ्यांपासून सुरुवात करू नये. प्रत्येक देहाचा भार कोठे जातो, हे आधी शोधावे. पुरुष गुडघ्यांवर आहे, त्याचे हात तिच्या कमरेभोवती आहेत आणि मुख वर उचललेले आहे. ती त्याच्याकडे झुकली आहे, तिचे मस्तक त्याच्या मस्तकाला टेकले आहे, एक हात स्वतःच्या छातीशी आहे आणि दुसरा निर्जीव असल्यासारखा खाली लोंबतो आहे. या लोंबत्या हातापाशी बराच वेळ थांबावे. तो हात राजाला कवटाळत नाही आणि दूरही लोटत नाही. इतकी वर्षे आवरून धरलेले बळ एकाएकी सुटले की हात असाच पडतो. माझ्या मते सातव्या अंकातली क्षमा या शिल्पात चेहऱ्यापेक्षाही त्या हातात आहे.

हे मला नुसत्या पाहण्याने कळले नव्हते. गणपतीसाठी आणलेल्या शाडूच्या मातीतला उरलेला गोळा भिजवून, पाटावर वीतभर उंचीच्या दोन आकृती मी करून पाहिल्या. गुडघ्यांवरची आकृती लगेच बसली, परंतु झुकलेली आकृती तीनदा कोसळली. तिचा तोल तिच्या स्वतःच्या पायांवर ठेवला की ती ताठ दिसे आणि पूर्ण झुकवली की खाली येई. शेवटी तिचा भार खालच्या आकृतीच्या कपाळावर आणि दंडांवर सोपवला, तेव्हा कोठे ती टिकली. हा प्रयोग प्रत्येकाने एकदा करावा. नाक-डोळे काढण्याची गरज नाही.

त्यानंतर फ्रेंच शिल्पकार ऑग्युस्त रोदँचे प्रसिद्ध ‘चुंबन’ हे शिल्प शेजारी ठेवून पाहावे. त्यातले पाओलो आणि फ्रांचेस्का हे प्रेमी इटालियन कवी दांतेच्या काव्यातून आलेले असून मुळात ही जोडी ‘नरकाचे द्वार’ या भव्य कामासाठी योजलेली होती. तेथे दोघेही एकाच खडकावर बसलेले आहेत, त्यामुळे आकृतिबंध स्वतःत मिटलेला आणि स्थिर वाटतो. क्लोदेलच्या शिल्पात एकाला बाजूला काढले तर दुसरी पडेल.

पुढे माध्यमाकडे लक्ष द्यावे. १९०५ मध्ये याच रचनेची सुमारे ९१ सेंटिमीटर उंचीची संगमरवरी आवृत्ती ‘वर्तुम्नस आणि पोमोना’ या रोमन देवतांच्या नावाने झाली आणि ब्राँझची आवृत्ती समर्पण सुचवणाऱ्या आणखी वेगळ्या नावाने आली. मला ‘शकुंतला’ हेच नाव खरे वाटते, कारण विरहानंतरच्या भेटीचा अर्थ त्यातच टिकतो. संगमरवरावर प्रकाश ओघळतो, तर ब्राँझवर तो कडांवर चमकून खळग्यांत काळोख सोडतो. असा फरक टिपण्याची सवय नसेल, तर पुण्याच्या सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या दर्शनी भिंतीवरचे पाषाणातले कोरीवकाम एकाच दिवशी सकाळी आणि दुपारी पाहावे. ऊन सरकले की तोच उठाव वेगळा दिसू लागतो.

चरित्र सर्वांत शेवटी वाचावे. क्लोदेल रोदँची शिष्या, सहकारी आणि प्रेयसी होती. १९१३ मध्ये घरच्यांनी तिला मनोरुग्णालयात ठेवले आणि १९४३ मध्ये तिचा मृत्यू झाला तोही मनोरुग्णालयातच, तीस वर्षांनंतर. हे वाचून मन विषण्ण होते, आणि व्हावेच. परंतु ‘शकुंतला’ घडवताना ती दुःखे पुढे होती, म्हणून त्या प्रेमप्रकरणाची कहाणी शिल्पावर लादणे तिच्या कारागिरीवर अन्याय करणारे आहे.

प्रत्यक्ष जाण्याचा योग आला, तर संगमरवरी शिल्प पॅरिसच्या रोदँ संग्रहालयात आहे, प्लास्टरचे शातोरू येथील संग्रहालयात आहे, आणि नोजाँ-स्यूर-सेन या गावी २०१७ मध्ये क्लोदेलच्या नावाचे स्वतंत्र संग्रहालय उघडले आहे. तेथे गेल्यावर समोर उभे राहून छायाचित्र घेण्याआधी शिल्पाला एक पूर्ण प्रदक्षिणा घालावी आणि तो लोंबता हात ज्या बाजूने सर्वांत मोकळा दिसतो, तेथे थांबावे.