गरोदर बाईची मशेरी सोडवताना

मी सातारा जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. आमच्या भागात पोटातल्या बाळापर्यंत पोचणारी नशा बहुतेक वेळा मशेरीचीच असते. तव्यावर काळा होईस्तोवर भाजलेला तंबाखूच तो, पण दात घासायचा म्हणून कुणी व्यसनात धरत नाही. त्यामुळे “तंबाखू खाता का?” विचारलं की उत्तर “नाही” येतं. “मशेरी दिवसातनं किती वेळा लावता?” असं विचारा. “सकाळी, मग दोन्ही जेवणांनंतर, आणि झोपताना,” असं बाई सरळ सांगते.

पहिल्याच भेटीत ओरडू नका. तंबाखूतलं निकोटीन वारेतून बाळापर्यंत जातं, रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाचं पोषण कमी पडतं, एवढं सांगा. मुंबईतल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली होती, आणि दिवस पुरे होण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त होतं. “बाळ बारीक असलं की सुटका सोपी होते” असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा. अडीच किलोच्या आतल्या बाळाला अंगात ऊब धरणं, दूध ओढणं जड जातं. सिगारेटवरच्या अभ्यासांत, गरोदरपणात सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या मुलांत पुढे लक्ष न टिकणं, चंचलपणा जास्त आढळलाय.

खरी अडचण परसाकडची असते. मशेरीशिवाय पोट साफ होत नाही, असं बायका म्हणतात, आणि त्यातच आपण लोहाच्या गोळ्या देतो, त्यांनी पोट आणखी घट्ट होतं. हे आधीच बोलून ठेवा: सकाळी उठल्यावर तांब्याभर पाणी, जेवणात पालेभाजी, अधूनमधून पेरू. पहिले काही दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल. तल्लफ आली की थोडी बडीशेप चघळायची. काही मिनिटांत ती ओसरते. दातांना ब्रश आणि साधी पेस्ट. निकोटीनचा च्युइंगम मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

सासूबाईंना बाजूला ठेवून हे जमत नाही. कोनाड्यातली डबी त्यांचीच असते आणि तवाही घरातच तापतो. “मावशी, नातवंडासाठी घरात भाजणं तरी बंद करा,” अशी विनंती मी करते. तंबाखू सोडण्यासाठी सरकारी मोफत फोन आहे, १८००-११-२३५६; तो नंबर नवऱ्याच्या मोबाईलमध्ये घालून द्या.

बाळंतपणानंतर मशेरी परत सुरू होते, कारण “आता पोटात नाही ना!” निकोटीन दुधातूनही जातं. तरी अंगावरचं दूध तोडायला सांगू नका, मशेरीच सोडायला सांगा.

पुढे बाळावर लक्ष ठेवा. दोन महिन्यांच्या सुमारास हसतं का, चार महिन्यांपर्यंत मान धरतं का, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसतं का, दीड वर्षापर्यंत चालतं का. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर वय ठरलेल्या तारखेपासून मोजा. काही मागे वाटलं तर अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाला दाखवा. ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे वाढीत मागे पडणाऱ्या मुलांवर लवकर उपचार होतात तिथे, पाठवतात. तिथे मशेरीचं लपवू नका, असं आईला आधीच सांगून ठेवा, आणि शक्य असेल तर तिच्यासोबत जा.