खेळाच्या जगात वंश किती ठेवावेत?

रोलप्लेइंगसाठी, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र बनून खेळायच्या गोष्टीच्या खेळासाठी, नवं जग रचताना यक्ष, नाग, राक्षस, वेताळ, गंधर्व, सगळेच घ्यावेसे वाटतात. टेबलाभोवती चार-पाच खेळाडू असतील तर पाच वंश पुरतात. सहाच्या वर जाऊ नका.

कारण साधं आहे. दर दोन वंशांचं आपसात कसं जमतं, हे ठरवावं लागतं. पाच वंशांच्या १० जोड्या होतात, दहा वंशांच्या ४५. दहा जोड्या एका रविवारी वहीत लिहून होतात. पंचेचाळीस लिहायचा धीर राहत नाही, आणि मग उरतात ती नुसती शिंगं-शेपट्या लावलेली माणसं.

वंश ठेवायचा की गाळायचा, हे त्याच्या शरीरामुळे खेळ बदलतो का यावर ठरवा. समजा, जग म्हणजे मुंबईची सात बेटं, हॉर्नबी वेलार्ड या बांधाने वरळीची खाडी बुजवण्याआधीची. खाडीतले नाग १० मिनिटं श्वास रोखतात, पण अंग सुकलं की गळून जातात. एवढ्या एका नियमाने भरती-ओहोटीला किंमत येते. ओहोटी लागली की माणसं चिखल तुडवत पलीकडे निघतात आणि नाग पखालीतलं पाणी अंगावर ओतत मागून येतो. याउलट 'यक्ष श्रीमंत असतात' एवढंच सुचत असेल, तर तो माणसातलाच एखादा सावकार करा.

अंधारात दिसणं जपून वाटा. डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळाच्या २०१४च्या प्लेयर्स हँडबुकात, म्हणजे खेळाडूंच्या नियमपुस्तकात, ९ पैकी ६ वंशांना ते आहे. मग मशाल कोणी घेत नाही आणि गुहेची भीती जाते. पाचांत फार तर दोघांना द्या. उडणं पहिल्या लेव्हलला, म्हणजे पात्र नवखं असताना, नकोच. तट, खंदक, दोरखंड सगळं फुकट जातं.

वंशाला जन्मजात धंदा किंवा स्वभाव मात्र चिकटवू नका, आणि खऱ्या समाजाची बोली किंवा खाणंपिणं तर मुळीच नाही. जन्मावरून लायकी ठरवण्याचे घाव आपल्या टेबलावरही कुणीतरी सोसलेले असतात. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०२४च्या आवृत्तीत 'रेस'ऐवजी 'स्पीशीज' (प्रजाती) आलं आणि ताकद, चपळाई अशा गुणांची वाढ वंशाऐवजी पात्राच्या पार्श्वभूमीला जोडली गेली. हा बदल आपल्याही जगात करा.

मधेच कुणी गंधर्व मागितला, तर तो लांबच्या बंदरातून गलबताने आलेला, इथे एकटाच असू द्या. त्याची दोनच नाती आधी लिहा: एक कोणाशी पटतं, एक कोणाशी बिनसलंय. बाकीची खेळता खेळता ठरतील.