पॉलीप काढून घरी आल्यावरचे दोन आठवडे

दुर्बिणीतून मोठ्या आतड्यातला पॉलीप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेला मांसाचा कोंब, काढला की पोटावर टाका नसतो, पट्टी नसते आणि बहुतेकांना त्याच दिवशी सुट्टी मिळते. मग घरच्यांना वाटतं, झालं, सुटलो. पण तारेच्या फासात धरून पॉलीप जिथून कापला, तिथे आत जखम असतेच. विजेच्या उष्णतेने कापला असेल तर त्या जागेवर खपली धरते आणि काही दिवसांनी ती सुटते. त्यामुळे माणूस अगदी ठणठणीत वाटत असताना, १० व्या-१२ व्या दिवशीही रक्त जाऊ शकतं. म्हणून मी लिहिते ते पहिल्या रात्रीपुरतं नाही, पुऱ्या दोन आठवड्यांचं आहे.

आमच्या यांचं नागपूरच्या इतवारीत धान्याचं दुकान. यांचा पॉलीप १८ मिलिमीटरचा होता आणि त्या जागी जखम धरून ठेवायला धातूच्या दोन छोट्या क्लिपा लावल्या होत्या. तुमचा चार-पाच मिलिमीटरचा असेल तर पथ्य बरंच सैल असतं. डिस्चार्जच्या कागदावर जे लिहिलं असेल ते आधी, माझं त्यानंतर.

पहिले २४ तास गुंगीच्या औषधाचे. माणूस नीट बोलतो, चालतो, पण त्याचं भान पुरतं आलेलं नसतं. गाडी चालवायची नाही, दारू नाही, आणि दुकानदारांच्या घरी हे मुद्दाम सांगायला हवं: चेकवर सही नाही, सौदा नाही. फोन मुलाकडे द्या. रात्री खोलीत कुणीतरी झोपा. पोट फुगतं, कारण तपासणीच्या वेळी आतड्यात हवा भरतात. यांना घरातल्या घरात, माजघर ते ओसरी अशा फेऱ्या मारायला लावल्या आणि मध्येमध्ये डाव्या कुशीवर झोपवलं. वारा सरला की पोट हलकं होतं. सासूबाईंसमोर हे लाजत होते. लाजू देऊ नका, वारा सरणं हे चांगलं लक्षण आहे.

जेवणाचं सांगते. पहिला घास मऊ भात, मुगाचं पातळ वरण, थोडं तूप. नंतर ताक, दहीभात, रव्याचा उपमा, दुधी. पुढचे काही दिवस तर्री-पोहे, सावजी रस्सा, हिरव्या मिरचीचा ठेचा, हरभऱ्याची उसळ आणि कच्च्या कोशिंबिरी बंद ठेवल्या. बीट तर मी घरातच आणलं नाही. त्याने संडास लाल होते आणि उगाच धावपळ होते. लोहाच्या गोळ्यांनी ती काळी होते, तेही लक्षात ठेवा. पण पथ्य म्हणून महिनाभर नुसता भात खाऊ घालू नका. त्याने बद्धकोष्ठ होतं, आणि जोर लावणं या जखमेला वाईट. पोट निवलं की पोळी, शिजवलेल्या पालेभाज्या, पपई, मग संत्री असं हळूहळू परत आणा. तपासणीआधी आतडं पूर्ण रिकामं केलेलं असतं, म्हणून पहिले एक-दोन दिवस संडास झाली नाही तरी घाबरू नका, आणि आपल्या मनाने जुलाबाचं औषध देऊ नका.

आमची तपासणी मे महिन्यात झाली. आधीच जुलाबाच्या औषधाने अंगातलं पाणी जातं, त्यात नागपूरचं ऊन. माठाचं पाणी, ताक, नारळपाणी, ओआरएस थोडं थोडं देत राहा. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय समजा. हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाला मात्र पाणी किती द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

सगळ्यात कठीण गेलं ते वजन न उचलू देणं. चौथ्याच दिवशी हे म्हणाले, "आता काही होऊन नाही राहिलं मला, जातो दुकानात." गल्ल्यावर बसायला हरकत नव्हती. पण धान्याचा कट्टा, म्हणजे पोतं, उचलणं, शटर ओढणं, गाडीला किक मारणं दोन आठवडे बंद. मी दुकानातल्या पोरांनाच सांगून ठेवलं की शेठनी कट्ट्याला हात लावला तर मला फोन करा. लग्नसराई होती, गडचिरोलीकडच्या एका लग्नाचं आमंत्रण होतं. मी नाही म्हटलं. मोठा पॉलीप काढल्यावर दोन आठवडे अशा गावी जाऊ नये जिथून मोठा दवाखाना तासन्‌तास दूर आहे.

औषधांत अंदाज चालत नाही. क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी कुठली गोळी चालू असेल, तर ती कोणत्या तारखेला सुरू करायची हे सुट्टीच्या वेळीच लिहून घ्या. ती आपल्या मनाने बंद ठेवणंही तितकंच धोक्याचं. गुडघ्यासाठी घेतात त्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या विचारल्याशिवाय नकोत.

कागदाला पुसताना रक्ताची पुसटशी रेघ दिसली, तर लक्ष ठेवा आणि डॉक्टरांना फोनवर सांगा. पण रक्त पुन्हापुन्हा पडू लागलं, गाठी पडल्या, डांबरासारखी काळी चिकट संडास झाली, चक्कर आली, ताप चढला, पोट दगडासारखं कडक झालं किंवा दुखणं वाढतच गेलं, तर सकाळची वाट पाहू नका. तुमचा दवाखाना उचलत नसेल तर १०८ ला फोन करा. नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी दवाखान्यांची कॅज्युअल्टी रात्रीही चालू असते. तिथे पहिलं वाक्य हेच सांगा: अमुक दिवशी पॉलीप काढला, एवढा मोठा होता. डिस्चार्जच्या कागदाचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या फोनमध्ये ठेवा.

क्लिप आपोआप गळून संडासवाटे जाते, बहुतेकदा कळतही नाही. त्या काळात एमआरआय करायची वेळ आली तर आधी सांगा.

आणि बायोप्सीचा रिपोर्ट. "कॅन्सर नाही ना," एवढं ऐकून फाइल कपाटात टाकतात, ते करू नका. पॉलीप कोणत्या जातीचा, पूर्ण निघाला का, आणि पुढची तपासणी कधी, हे तीन प्रश्न विचारा. एक-दोन लहान अ‍ॅडिनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकतो अशा जातीचे पॉलीप, असतील तर पुढची दुर्बीण काही वर्षं लांबते. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असेल तर साधारण ३ वर्षांनी बोलावतात. मोठा पॉलीप तुकड्यातुकड्यांनी काढला असेल तर ६ महिन्यांनीच. आमच्या रिपोर्टवर ट्युब्युलर अ‍ॅडिनोमा आलं. मी तारीख दुकानाच्या रोकडवहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतली आणि वर्ध्याच्या भाऊजींना फोन लावला. मोठा अ‍ॅडिनोमा निघाला की सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनीही तपासणी कधी करायची हे आपल्या डॉक्टरांना विचारायचं असतं. भाऊजींनी पुढच्याच सोमवारची वेळ घेतली.